डावं दार

"मावशी, हे डावं दार चुकलंय तुमचं," परीक्षक म्हणाले. त्यांनी हातातले भिंग रुमालाने पुसले, पुन्हा डोळ्याला लावले आणि पुन्हा तेच म्हणाले, "चुकलंय."

"नाही चुकलेलं," रंगमावशी म्हणाल्या. "तसंच होतं ते."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा तो लांबट हॉल होता. आठ टेबले एकाला एक जोडून त्यांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या आणि चादरींवर शर्यतीच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येक गाडी खऱ्या गाडीच्या चोवीसपट लहान. दुकानातून सुट्या भागांचा डबा आणायचा, प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेला एकेक भाग कापून घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा आणि वर्षभराने इथे आणून ठेवायचा, असा हा हौशी लोकांचा क्लब. शनिवारी पहिली तपासणी व्हायची आणि रविवारी निकाल लागायचा.

परीक्षक मूळचे औषधवाले. दुकानात बाटली देतानाही ते नाव दोनदा वाचत, आणि इथेही त्यांच्याजवळ प्रत्येक गाडीच्या फोटोंची वेगळी फाइल असे. त्यांनी रंगमावशींची फाइल उघडली.

"बाकी काम बघून मी गप्पच झालो होतो. आतले सीटचे पट्टे फितीचे, त्याला तारेची बकलं. टायर झिजवलेत तेही वळणाच्या बाजूने जास्त. पण बॉडी निळी, आणि हे दार त्यात किंचित हिरवट. ही खरी गाडी. बघा, सगळी एकच निळी आहे."

"हा फोटो उजव्या बाजूचा आहे."

"मग डाव्या बाजूचा आणा. मी लगेच मान्य करतो."

"माझ्याकडे फोटो नाही," मावशी म्हणाल्या. "पण मी होते तिथे. दार मीच रंगवलं होतं."

परीक्षक जरा अवघडले. माणूस सज्जन होता. "मावशी, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे हो. पण गुण मला कागदावर द्यावे लागतात. असं करा, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. दार निघतंय ना? घरी जाऊन परत मारा. पहिला नंबर तुमचाच, मी आत्ताच सांगतो."

"अगं, मग मारून टाक ना एक हात!" मागून मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे मावशींचे यजमान. आयुष्यभर त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला होता आणि चुकलेले अक्षर खोडून दुरुस्त करण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नव्हता.

मावशींनी गाडी खोक्यात ठेवली नाही. तिथेच राहू दिली. "उद्या येते," म्हणाल्या आणि पर्स उचलली.

बसच्या रांगेत दोघे शेवटचे होते. ऊन रस्त्यावर पसरले होते.

"घरात चौदा गाड्या," मास्तर म्हणाले, "आणि बसच्या रांगेत आपणच शेवटी."

मावशी हसल्या नाहीत, म्हणून मास्तरांनी हळूच विचारले, "काय गं ते दाराचं?"

"सांगितलं ना. चुकलं होतं."

"कोणाकडून?"

"माझ्याकडून."

"लग्नाला चौतीस वर्षं झाली आपल्या. हे आज कळतंय मला?"

"तुम्ही कधी दाराबद्दल विचारलंत?"

मग बस येईपर्यंत आणि बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांनी सगळे सांगितले.

बाविसाव्या वर्षी मावशी शर्यतीच्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये सामानाची नोंद ठेवायला लागल्या होत्या. एके दिवशी रंगारी आजारी पडला. थोरले मिस्त्री कपाळाला हात लावून बसले असताना या म्हणाल्या, "मी मिसळून बघू?" डबे उघडले, काठीने ढवळले, पत्र्यावर एक ठिपका लावला आणि तो वाळल्यावर जुन्या रंगाशेजारी धरला. मिस्त्रींना ठिपका सापडेना. त्या दिवसापासून नोंदवही दुसऱ्याकडे गेली आणि यांचे नाव रंगमावशी पडले. वय बावीस आणि नाव मावशी. पण नाव पडले ते पडलेच.

त्या मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावात गाडीचे डावे दार कठड्याला घासून फाटले. दुसऱ्या गाडीचे दार सकाळी आणले. ते पांढरे होते. निळा रंग डब्याच्या तळाशी जेमतेम उरलेला, नवा मिसळायला हवा होता. बाहेर आभाळ भरलेले, शेडमध्ये एक पिवळा बल्ब. मावशींनी सात डब्यांतून रंग घेतले आणि बल्बखाली मिसळले. दार रंगवले, गरम हवेने वाळवले, बसवले. नऊ वाजता गाडी ढकलत बाहेर नेली आणि नेमके तेव्हाच ऊन पडले.

"मला एका नजरेत दिसलं," मावशी म्हणाल्या. "हिरवट झाक. बल्बने फसवलं मला. म्हणजे मीच फसले, बल्बचा काय दोष? मिस्त्रींना म्हटलं, दहा मिनिटं द्या. ते म्हणाले, 'मावशी, त्या वेगात देवालासुद्धा दिसणार नाही.' आणि गाडी गेली."

"आणि जिंकली!" मास्तर म्हणाले. एवढे त्यांना ठाऊक होते.

"जिंकली. सगळे नाचत होते, ड्रायव्हरला खांद्यावर घेतलं होतं. मीही टाळ्या वाजवत होते. आणि बघत होते दाराकडे. दोन दिवसांनी मालकांनी गाडी पूर्ण रंगवायला लावली, जाहिरातीच्या फोटोंसाठी. तीही मीच रंगवली. दार गेलं त्यात."

पुढे वर्कशॉप बंद पडले. मावशी एका गॅरेजमध्ये लागल्या आणि सव्वीस वर्षे लोकांच्या ठोकलेल्या गाड्या रंगवत राहिल्या. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवू लागले तेव्हा पहिला डबा आणला. मग दुसरा. वर्षाला दोन-तीन करत तेरा गाड्या झाल्या, पण ही निळी गाडी त्यांनी कधी घेतली नव्हती. दुकानात डबा समोर दिसे, त्या दुसरा उचलत. या वर्षी उचलला.

"बॉडीचा निळा एका दमात जमला," त्या म्हणाल्या. "दाराच्या चुकीला अकरा खेपा लागल्या. तीच चूक परत करायची म्हणजे काय काम असतं, हो!"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा स्टॉप येऊन गेला तो दोघांच्याही लक्षात आला नाही.

रविवारी सकाळी मावशींनी मास्तरांना टायपिंगच्या यंत्राशी बसवले. गाडीपुढे ठेवायला कार्ड हवे होते. मावशी सांगत गेल्या, मास्तर बडवत गेले. गाडीचे नाव, शर्यतीचे वर्ष, मग "डावे दार आदल्या दिवशीच्या अपघातानंतर बदललेले. छटा चुकलेली. चूक माझी."

मास्तरांची बोटे थांबली. "'चूक माझी' हे लिहायलाच हवं का?"

"हवं."

"लोक वाचतील."

"वाचायलाच कार्ड ठेवतात ना?"

मास्तरांनी ते दोन शब्द टाइप केले, ओळ समासाशी नीट जुळली आहे का पाहिले आणि कागद काढून दिला.

हॉलमध्ये पोहोचतात तोच परीक्षक लगबगीने समोर आले. त्यांच्या हातात एक जुने मासिक होते, पाने पिवळी पडलेली.

"मावशी, सापडला! डाव्या बाजूचा! माझ्या एका गिऱ्हाइकाच्या वडिलांनी मासिकं जपून ठेवलीत. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या घरी गेलो." मग त्यांचा आवाज उतरला. "पण बघा तुम्हीच."

मावशी मासिक घेऊन खिडकीपाशी गेल्या. शर्यत संपतानाचा फोटो होता. डावी बाजू, धूळ, वर केलेले हात. आणि गाडी नाकापासून शेपटापर्यंत एकसारखी निळी. दार कुठे सुरू होते तेही त्यांना बारीक रेघेवरूनच कळले. त्यांनी परीक्षकांचे भिंग मागून घेतले आणि बराच वेळ बघितले. फोटोत कडेला शेडसमोर काही माणसे उभी होती, ठिपक्यांएवढी. त्यात एक साडी होती.

मावशी एकदम हसल्या. "मिस्त्री बरोबर म्हणाले होते की."

"म्हणजे?"

"कोणालाच दिसलं नव्हतं. अडतीस वर्षं मला वाटतंय, सगळ्या जगाने बघितलं."

"मग मिटलं की! दार निळं करा. मी एक तास थांबतो, रंग खाली दुकानात मिळेल."

"हे चारच शायांत छापलेलं आहे," मावशी म्हणाल्या. "माझ्या हातात त्या दिवशी सात डबे होते. छापखान्याला नाही दिसलं. मला दिसलं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मावशी, मी भांडत नाही. पण आता तर पुरावा तुमच्या उलट आहे. मला गुण कापावे लागतील."

"कापा ना. मी अडवलंय का? तुमचं काम तुम्ही चोख करताय."

"मग हा हट्ट कशासाठी?"

मावशी टेबलाशी गेल्या. दोन बोटांनी अलगद गाडी उचलून उजेडात धरली.

"गॅरेजमध्ये सव्वीस वर्षं केलं काम. बरोबर झालं की दिसायचं नाही. गिऱ्हाईक यायचं, गाडीवरून हात फिरवायचं, विचारायचं, 'कुठे लागलं होतं हो?' मी खूश. या गाडीचं तर बॉनेट, छत, मागचं, सगळं मीच रंगवलेलं. पण ते बघून कोणी म्हणेल का, की इथे कोणा बाईचा हात लागलाय? निळी गाडी, एवढंच म्हणेल." त्यांनी गाडी खाली ठेवली. "माझं दिसण्यासारखं हे दारच आहे तेवढं. ते कसं पुसू?"

मास्तर उगाचच गाडीपुढे ठेवलेले कार्ड सरळ करत राहिले. ते आधीच सरळ होते.

निकाल चार वाजता लागला. पहिला नंबर एका बँकेतल्या कॅशियर मुलीच्या लाल गाडीला आणि दुसरा रंगमावशींना. मावशींनी टाळ्या इतक्या जोरात वाजवल्या की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिले. मग त्या मुलीजवळ गेल्या.

"पहिलं तुमचंच," त्या म्हणाल्या. "मागच्या काचेची कड बघितली मी. माझी एवढी सरळ नाही आली. कशाने मारता?"

"टूथपिकने," ती मुलगी लाजून म्हणाली.

"बघा! आणि मी ब्रशच्या मागे लागलेय."

पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला घंटी वाजली. दारात परीक्षक उभे होते, काखेत एक डबा. डब्याच्या कडा मऊ पडल्या होत्या आणि झाकणाचा चिकटपट्टीचा भाग तपकिरी झाला होता.

"ही माझी," ते आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले. "तीन वर्षं झाली. सगळे भाग घासून, जोडून ठेवलेत. रंगाला हात लावायचा धीर होत नाही. दुसऱ्यांच्या इतक्या चुका बघतो ना मी, आपली होईल याचीच धास्ती."

"बाहेर वर्षानुवर्षं गुण कापणारा माणूस," मास्तर आतून चहा आणत म्हणाले, "घरी कोरा!"

"अहो, गप्प बसा," मावशी म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आले होते. त्यांनी डबा उघडून बॉडी बाहेर काढली आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. सांधा लागला नाही. "घासलंय छान तुम्ही. कुठला रंग आहे हिचा?"

"राखाडी."

"कुठला राखाडी?"

परीक्षक गोंधळले. "राखाडी म्हणजे... राखाडी."

मावशींनी खिडकीतली कुंडी बाजूला सरकवली आणि तिथे एक पांढरे कार्ड ठेवले. दोन बाटल्यांतून काडीने दोन ठिपके लावले, शेजारी शेजारी. "सांगा, फरक काय?"

परीक्षकांचा हात सवयीने भिंगाकडे गेला.

"ते नको. नुसत्या डोळ्यांनी."

ते वाकून बघत राहिले. "मला तर एकच वाटतोय."

"अजून बघा. घाई नाही."

एवढ्यात उजेड मंदावला. बाहेर सूर्यावर ढग आला होता.

"थांबा," मावशी म्हणाल्या, "हा जाऊ द्या."

मास्तरांनी चहाचे कप तिथेच ठेवले आणि तेही येऊन उभे राहिले. तिघे खिडकीशी, कार्डाकडे बघत, ढग सरकायची वाट पाहत राहिले.