पूर्ण एक हेन्रीचा दणका

मी एक हेन्री बोलतोय. जरा लांबूनच ऐका, जवळ आलात तर माझी जबाबदारी नाही.

तारेच्या वेटोळ्यात किती अडेलपणा भरलाय, ते हेन्रीत मोजतात. मिलीहेन्री माझा हजारावा तुकडा, मायक्रोहेन्री त्याचाही हजारावा. ती सगळी पोरंसोरं. मी आख्खा एक हेन्री भरणारं वेटोळं. वीज आत येऊ लागली की येऊ देत नाही, जाऊ लागली की जाऊ देत नाही. सासू आणि सून दोघी मीच म्हणा ना.

माझा जन्मच मारहाणीत झाला. लोखंडी पट्ट्या ठोकून रचल्या, वर तांब्याची तार करकचून आवळली, वार्निश पाजून भट्टीत भाजलं. हे सगळं कारखान्याची मालकीण, ताई, हिनं केलं. मग बाकीच्या कॉइली, म्हणजे तारेची वेटोळी, माझ्याशी ताडून बघू लागले. ताईचा नवरा त्या गुंडाळायचा आणि तिचा धाकटा भाऊ मोजायचा. घरातलाच मामला, म्हणजे भांडण आलंच.

"भाऊजी, ही अर्धा हेन्रीसुद्धा भरत नाही. वेढे खाल्लेत काय?"

"तुझं मापच खोटं."

"गुंडाळताना झोपा काढायच्या आणि दोष मापाला."

भाऊजींनी हातोडा उचलला. पहिल्या घावाला मेहुण्याचा हात कोपरात काडकन मोडला. दुसरा घाव कपाळाला चाटून गेला आणि हातोड्याचं डोकं दांड्यावरून निसटून खिडकीबाहेर पडलं. मेहुणा रक्तात लोळत होता. ताई मध्ये पडली, तिला भिंतीवर ढकललं. मग भाऊजींची नजर माझ्यावर आली. चांगला धोंड्याएवढा जड मी.

"थांब, ह्याच मापानं तुझं डोकं मोजतो."

तेव्हा मी बॅटरीला जोडलेला होतो. एवढ्याशा बॅटरीला कोण भितो? मला उचलायला त्यांनी एका हातानं माझा उघडा नट धरला आणि दुसऱ्यानं त्यावरची बॅटरीची उघडी तार हिसकली. झालं. अंगातली वीज अशी तोडली की मी बॅटरीच्या कितीतरी पट जोरानं उसळतो, आणि उसळायला वाट एकच होती, भाऊजी. गडी मागे उडाला, तोंड लोखंडी टेबलावर आपटलं आणि पुढचे दोन दात जमिनीवर.

ताईनं आधी भावाचा हात बांधला. मग नवऱ्याजवळ बसून शांतपणे विचारलं, "पटलं का माप?"

भाऊ जगला. वाकड्या हातानं अजून मोजतो. परवा म्हणाला, "भाऊजी, कमी आहे." भाऊजी गुपचूप वेढे वाढवायला बसले.

निघा आता. जाता जाता मला हात लावून बघावासा वाटेल. लावा की, कोण नको म्हणतंय?