तारवालीचा पाय कधी बरा झाला?

आमच्या मावशीचं नाव त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत नाही. जेवण पुरवणाऱ्याचं आहे, नायिकेचे केस विंचरणारीचं आहे, दोन प्रसंगांत शेपूट हलवून गेलेल्या कुत्र्याचंसुद्धा आहे. मावशीचं नाही. आणि त्या सिनेमातलं लोकांना आजही जे आठवतं, ते मावशीनं केलेलं आहे.

सिनेमा लढाईच्या दिवसांतला. एका गल्लीत तार पोचवणारी एक बाई, डाव्या पायानं अधू. त्या दिवसांत तार म्हणजे एकच बातमी. त्यामुळे तिच्या पावलांचा आवाज आला की सगळी गल्ली कान टवकारून बसते. टक्... घस्स. टक्... घस्स. आवाज पुढे गेला की जीव भांड्यात पडतो. थांबला की त्या घरातला मुलगा गेला. त्यात चार मिनिटांचा एक प्रसंग आहे. स्वयंपाकघरात एक आई कांदा चिरते आहे. बाहेरून पावलं येतात. जवळ येतात. आईची सुरी थांबते. बस, एवढंच. तारवाली दिसतसुद्धा नाही. पडद्यावर एक बाई आणि एक कांदा, पण त्या चार मिनिटांत थिएटरात कुणी खोकत नसे.

ती पावलं मावशीची. सिनेमांना पावलांचे, दारांचे, कपबश्यांचे आवाज देणं हा तिचा धंदा होता. एका बंद खोलीत जमिनीला चौकोनी खड्डे, एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी. समोर पडद्यावर माणसं चालणार आणि मावशीनं त्यांच्याबरोबर जागच्या जागी पावलं टाकायची. तारवालीसाठी तिनं डाव्या पायात पुरुषाचा दोन मापं मोठा बूट घातला, बुटात ओली फडकी कोंबली, आणि उजव्या पायात झिजलेली चप्पल. अकरा दिवस ती तशी चालली. नंतर सहा महिने तिचा गुडघा धड वाकत नव्हता. आमच्या घरात त्या सिनेमाला नावानं कुणी हाक मारत नाही. तो 'आपला सिनेमा'.

तर आपल्या सिनेमावर एक भव्य म्युझिकल आलं. रंगमंचावर, चाळीस नर्तक आणि जिवंत वाद्यवृंदासह. जाहिरातीत लिहिलं होतं, 'जो पाहून तुम्ही रडलात, त्यावर आता नाचा!' माणसाला अक्कल असती तर तो तिथेच सावध झाला असता. मी मावशीच्या चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून दुपारच्या खेळाची तीन तिकिटं काढली. तिसरं माझ्या नवऱ्याचं. त्याला नाटकातलं काही कळत नाही, पण थंड हवेत मऊ खुर्ची मिळत असेल तर तो कुठेही येतो.

नाट्यगृहात शिरताच डाव्या हाताला दुकान. तिथे तारवालीचं चित्र असलेले कप, तारवालीची टोपी, आणि 'तुमची स्वतःची तार' असा मजकूर छापलेलं पाकीट. ज्या पाकिटाच्या धास्तीनं पडद्यावरची गल्ली अर्धमेली होते, ते इथे लोक रांग लावून विकत घेत होते. नवऱ्यानं एक घेतलं. आत पेपरमिंटची गोळी निघाली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "थंडगार."

पडदा उघडला. ढोल वाजले, धूर सोडला, आणि नायिका वरून झोपाळ्यावर बसून खाली आली. तार पोचवणारी बाई आकाशातून का यावी हे मी अजून शोधते आहे. खाली उतरल्यावर तिनं दोन गिरक्या घेतल्या आणि बुटांच्या टाचांनी रंगमंचावर असा काही ताल धरला की पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीनं टाळ्या पिटल्या. दोन्ही पाय ठणठणीत. घोड्याला लाजवतील असे.

मी मावशीकडे पाहिलं. ती हातातली पर्स मांडीवर धरून सरळ बसली होती, डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहावी तशी.

मध्यंतरात आम्ही कॉफी घेतली. मावशीनं एक घोट घेतला आणि विचारलं, "ही वरून आलेली मुलगी कोण?"

"तीच तारवाली, मावशी."

"मग ती लंगडी कधी होणार?"

"दुसऱ्या अंकात अपघात होईल बहुतेक," नवरा म्हणाला. त्यानं हे मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या अंकात अपघात झाला, पण तो नायिकेला नाही, आम्हाला. कांद्याचा प्रसंग आला. स्वयंपाकघर सरकत पुढे आलं, आईनं सुरी उचलली, आणि मी कान टवकारले. तेवढ्यात दोन्ही विंगांमधून चाकांचे बूट घातलेल्या बारा तारवाल्या घसरत आल्या. एकीचं काम बाराजणींना! खात्यात मोठी भरती झाली असावी. त्यांनी स्वयंपाकघराभोवती रिंगण धरून गाणं म्हटलं, 'माझ्या दारी थांबू नको गं, थांबू नको'. आईनं ओट्यावर चढून शेवटचा सूर इतका वर नेला की लढाईवर गेलेल्या मुलालाही तो ऐकू गेला असेल. पातेली दोऱ्यांवर नाचली. कांदा प्लास्टिकचा होता. लोक तालावर टाळ्या वाजवत होते, आणि शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"वाजवा की! सगळे वाजवताहेत."

मी कवळ्या बनवते. दंतवैद्य माप पाठवतात, मी दात बसवते. पांढरे, सरळ, एका रांगेत, एकही किडका नाही. माणूस हसला की लोक म्हणतात, वा! पण घरचे त्याला ओळखायला आठवडा लावतात. त्या दुपारी मला माझाच माल कुणीतरी ढोल वाजवून दाखवत होतं.

खेळ संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आम्हीही उठलो, कारण बसून राहिलं तर पुढच्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. मग कळलं की आज दिग्दर्शक प्रेक्षकांशी गप्पा मारणार आहेत. मी म्हटलं, चला घरी. मावशी म्हणाली, "थांब. ऐकू या तरी."

दिग्दर्शक पस्तिशीचे होते. गळ्यात मफलर, आत थंड हवा होती म्हणून असेल. ते म्हणाले, "मूळ सिनेमाबद्दल मला नितांत आदर आहे. म्हणूनच काम करताना मी तो मुद्दाम पुन्हा पाहिला नाही." लोकांना हे फार खोल वाटलं. कुणी पोशाखांबद्दल विचारलं, कुणी चाकांच्या बुटांबद्दल. मग मावशीनं हात वर केला. माईक तिच्यापर्यंत आला.

"तारवालीचा पाय कधी बरा झाला?"

काहीजण हसले. दिग्दर्शकही हसले. "छान प्रश्न, आजी! आम्ही तिला त्या पायातून मुक्त केलं. आजची स्त्री लंगडत नाही, ती नाचते."

टाळ्या.

"बरं," मावशी म्हणाली. "मग आत बसलेल्या बाईला कसं कळतं, की बाहेरून तीच येते आहे?"

"त्यासाठी आपण प्रकाशयोजना वापरली आहे. तो निळा झोत..."

"भिंतीआडून दिसतो?"

आता कुणी हसलं नाही. दिग्दर्शकांनी मफलर सैल केला आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न घेऊ या."

इथे माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठले आणि ओरडले, "अहो, त्या सिनेमातली पावलं हिची आहेत!" माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. दिग्दर्शकांनी हात जोडले. "म्हणजे आजींनी सिनेमात काम केलं होतं? वा! जोरदार टाळ्या होऊ देत!" झाल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मावशी माझी बाही ओढत पुटपुटली, "बस खाली. वाढदिवस माझा आहे, तमाशा तुझा नको."

लोक पांगले. नवरा गाडी आणायला गेला. मी आणि मावशी बाजूच्या दाराशी उभ्या होतो, तेव्हा आतून एक मुलगी अनवाणी पळत आली. केसांना जाळी, अर्धा रंग पुसलेला, दोन्ही टाचांना चिकटपट्ट्या. झोपाळ्यावरून उतरली होती तीच. मी मनात चार खरमरीत वाक्यं तयार केली.

ती मावशीपुढे उभी राहिली आणि धापा टाकत म्हणाली, "कुठला पाय? प्लीज, एवढंच सांगा. मी तो सिनेमा डोळे मिटून शंभर वेळा ऐकलाय. डोळे उघडले की गोंधळते. कधी ती डाव्या पायानं लंगडते, कधी उजव्या."

मावशी हसली. दिवसभरात पहिल्यांदा. "डावा गं. पण ती नटी प्रत्येक जेवणानंतर विसरायची. दोन ठिकाणी तिनं उजवा ओढलाय. मी आवाज डाव्याचाच दिला. आजवर कुणी तक्रार केली नाही."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली. चार महिने तिनं घरी लंगडायचा सराव केला होता. निवडही त्याच चालीवर झाली होती. मग नृत्यदिग्दर्शक आले, चाकांचे बूट आले, आणि पाय बरा करण्यात आला. "मला दाखवाल?" तिनं विचारलं. "एकदाच."

माझी चार वाक्यं तशीच घशात राहिली.

आम्ही आत गेलो. कपडेपटातून एक मोठा बूट मिळाला, आत कोंबायला ओला टॉवेल मिळाला. उजव्या पायात मावशीची स्वतःचीच चप्पल होती, ती पुरेशी झिजलेली होती. रिकाम्या रंगमंचावर दोन कामगार पातेली दोऱ्यांवरून सोडवत होते. मावशीनं फळ्यांवर टाच आपटून पाहिली, नाक मुरडलं, म्हणाली, "पोकळ आहे. पण चालेल." आणि पलीकडच्या टोकाला जाऊन चालायला लागली.

मला वाटलं होतं मला अभिमान वाटेल. मोबाइलवर चित्रीकरण करायचं म्हणून मी तो हातात धरलाही होता. टक्... घस्स. कामगारांचे हात थांबले. टक्... घस्स. ती कुणाकडेही न पाहता येत होती, आणि ती माझी मावशी आहे, तिच्या पर्समध्ये रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी दोन पावलं मागे सरकले. माझ्यासमोर थांबू नकोस, एवढंच मनात येत राहिलं. ती माझ्यासमोरून पुढे गेली. मी चित्रीकरण सुरू करायला विसरले होते.

त्या मुलीनं बूट मागून घेतला.

पुढच्या गुरुवारच्या खेळात तिनं हिंमत केली. शेवटच्या प्रवेशात वाद्यवृंद सुरू व्हायच्या आधी ती रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तशी चालत गेली. सभागृह गप्प झालं. मग चौथ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, तिचा पाय मुरगळलाय! डॉक्टर आहे का कुणी?" एक नाही, तीन डॉक्टर उठले. त्यातला एक त्वचारोगतज्ज्ञ होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, 'पायाला गंभीर दुखापत होऊनही नायिकेनं प्रयोग पूर्ण केला, जिद्दीला सलाम'. दिग्दर्शकांनी तिला लेखी ताकीद दिली आणि ते कात्रण दुकानात कपांच्या वर लावलं.

ती आता दर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी मावशीकडे येते. कशासाठी, हे दोघींनाही विचारून झालं. मुलगी म्हणते, शिकायला. मावशी म्हणते, गुडघ्याला व्यायाम होतो. परवा मी गेले तेव्हा दोघींनी स्वयंपाकघरातली सतरंजी गुंडाळून ठेवली होती आणि फरशीवर वाळू पसरली होती. मी म्हटलं, चला, आज तिघी मिळून आपला सिनेमा बघू, त्या म्युझिकलची चव तरी तोंडातून जाईल. मी तो लावलाही.

मावशीनं पाचव्या मिनिटाला रिमोट मागितला.

"बंद कर गं. मला हा कधीच आवडला नाही."

"काय?"

"फार रडका आहे. आणि लांबतो किती! आम्ही खोलीत तेव्हाही म्हणायचो, अर्धा तास कापला तर बरा होईल. मला आपले नाचगाण्याचे सिनेमे आवडतात."

तीस वर्षं आमच्या घरात त्या सिनेमाच्या पोस्टरला कुणाला पाय लावू दिला नव्हता. माझ्या लग्नात आम्ही त्याचं संगीत वाजवलं होतं. अर्धे पाहुणे मुसमुसत जेवले होते. "मग त्या दिवशी तुला एवढं वाईट कशाचं वाटलं?" मी विचारलं.

"सिनेमाचं त्यांनी काय हवं ते करावं," मावशी म्हणाली. "पाय कशाला काढायचा? तो नीट केला होता मी." मग मुलीकडे वळून म्हणाली, "तू टाच आधी टेकवतेस. बोटं टेकव आधी. पुन्हा."

मुलगी पुन्हा चालली. मावशी तिच्या मागून चालली. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका होत्या, हातात लाल पेन.

"अहो, मी उत्तरपत्रिका तपासते आहे. तासभर नुसतं टक् घस्स, टक् घस्स. जीव घाबरा झाला माझा. कोण लंगडतंय तुमच्याकडे?"

मावशीचा चेहरा उजळला. "घाबरा झाला ना?" ती म्हणाली. "या, आत या. बसा. नीट सांगा, नेमका कुठल्या पावलाला झाला?"