पडद्यावरचा जांभळा डाग

शिंपीकाकांच्या बाहेरच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. माझ्या दुकानात महिनाभरात येत नाहीत एवढी माणसं एका टीव्हीसमोर डोळे फाडून बसली होती. खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. टीव्ही दुरुस्त करता करता केस पिकले माझे, आणि लोक पाया पडत होते एका बुवाच्या.

टीव्ही जुना, नळीचा. बातम्या देणाऱ्या बाईचा एक गाल महिनाभर जांभळा दिसत होता. धाकट्या सुनेलाही घरात येऊन महिनाच झाला होता. बुवाने दोन्हींची गाठ मारून टाकली.

"हिच्या नजरेत मत्सर आहे! तोच पडद्यावर उमटतोय. ही माहेरी गेली तरच घर वाचेल."

सासूबाईंनी तिची बॅग भरून दाराशी ठेवलीसुद्धा होती. तिचा नवरा खाली मान घालून बसला होता.

बुवाने टीव्हीवरच्या वस्तू उचलायला लावल्या, टीव्ही बंद करवला आणि सगळ्यांना अर्धा तास मौन पाळायला लावलं. मग बटण दाबलं. टीव्ही घुमला आणि डाग गायब! लोकांनी टाळ्या पिटल्या.

"आता हिला जवळ उभी करा."

सून पडद्याशेजारी उभी राहिली. बुवाने तिच्या डोक्यावरून आपल्या काठीची मूठ पुढे नेली. बातम्यांची बाई हिरवी-जांभळी झाली.

"काठी बाजूला ठेवून दाखवा की," मी म्हणालो.

"तू गप रे!" सासूबाई कडाडल्या. "ट्यूब गेली म्हणणारा तूच ना?"

सगळे हसले.

बुवाने काठी शिलाई मशीनवर आडवी ठेवली आणि घाम पुसला. परत उचलली तेव्हा सुनेने डोळे बारीक केले.

"बुवा, तुमच्या मुठीला टाचण्या कशा चिकटल्या?"

"दैवी आकर्षण, मुली!"

"मग ते आमच्याकडेही आहे," असं म्हणत तिने टाचण्या गोळा करायचं सासऱ्यांचं लोहचुंबक उचललं. "मामंजी, लग्नात आमच्या नव्या कपाटाला जागा करायला मशीन टीव्हीशेजारी सरकवलं, तेव्हापासून हे टीव्हीवरच असतं ना?"

काकांनी मान डोलावली. तिने चुंबक सासूबाईंच्या हातात दिलं. "आई, पडद्याजवळ धरा."

सासूबाईंचा हात जाईल तिकडे डाग नाचू लागला. "आता मत्सर कुणाच्या नजरेत?" कुणीतरी मागून विचारलं. खोली खदखदून हसली आणि बुवा चपला शोधू लागला.

मी पुढे झालो. "नळीत तीन रंगांचे झोत असतात. चुंबक त्यांना वाकवतं, मग लाल झोत हिरव्याच्या जागी पडतो. थंड टीव्ही चालू केला की आतली तारेची गुंडाळी पडद्याला लागलेलं चुंबकत्व पुसते. टीव्ही गरम असेल तर तिला ते जमत नाही. अर्धा तास मौन कशासाठी होतं, कळलं?"

"तुझंच ऐकायला हवं होतं रे," काका म्हणाले. माझी छाती फुगली.

"दादा," सून म्हणाली, "मग तुम्ही ट्यूब गेली असं का सांगितलंत? नीट बघितलं होतंत?"

नव्हतं बघितलं. काकांनी टीव्ही माझ्याकडून न घेता समोरच्या दुकानातून घेतला होता. त्या जळफळाटात, डाग बघायला बोलावलं तेव्हा मी दारातूनच 'ट्यूब गेली' म्हणून हात झटकले होते. टीव्हीवरचं चुंबक तेव्हाच उचललं असतं, तर या मुलीवर ही वेळ आली नसती.

"नाही बघितलं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "जळत होतो मी."

तिची माफी मागितली. माझ्याकडे न बघता ती दाराशी ठेवलेली बॅग उचलून आत गेली, आणि ते मला लागलं.

म्हणून हात जोडून सांगतो, बुवावर विश्वास ठेवू नका आणि माझ्यासारख्या जाणकारावरही डोळे मिटून ठेवू नका. कुणी कुणाला घराबाहेर काढायला सांगत असेल, तर आधी पुरावा मागा आणि तो आपल्या हाताने तपासून बघा.