कठड्यावरचा कोट

मी जहाजावरचा काळा कोट बोलतोय. अंगावर चढलो की मी मोठा ऐटदार दिसतो, पण स्वभावाने मी भित्रा आहे. त्याला कारण माझी जागा. रोज कुणाच्या तरी छातीला चिकटून राहायचं म्हणजे त्याच्या काळजाची धडधड ऐकावीच लागते, आणि ती ऐकता ऐकता माझं आयुष्य चाललंय.

माझा जन्म एका लांबलचक शिवणखोलीत झाला. एका टेबलावर कापड बेतलं जाई, पुढच्या टेबलावर अस्तर लागे, त्यापुढे बाह्या. जिने माझी कॉलर बसवली तिच्या बोटाला सुई टोचली होती. तिने ते बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं. माझ्याकडे तिने धड पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं काय? माझ्यासारखे शेकड्याने होते, एका रंगाचे, एका कापडाचे. शेजारच्या कोटात आणि माझ्यात कुणालाही फरक करता येऊ नये, अशीच आमची घडण होती. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं.

तिथून मी थेट प्रवासी जहाजावर आलो. भलंमोठं जहाज, पर्यटकांचं. त्याच्या पोटात एक कपडेघर आहे आणि ते मावशी सांभाळतात. सफरीतल्या काही ठरावीक संध्याकाळी खालच्या मोठ्या दालनात जेवायचं तर पुरुषांना कोट आणि टाय लागतो, बायकांना तसाच ठेवणीतला पोशाख. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी वरच्या मजल्यावर साध्या कपड्यांत जेवावं, नाहीतर मावशींकडून एका संध्याकाळपुरता कोट-टाय न्यावा.

या नियमावर प्रत्येकाला काहीतरी म्हणायचंच असतं, आणि ते तो मावशींच्या काउंटरवर हात ठेवून म्हणतो.

"सुट्टीवर आलोय का कोर्टात?" असं एकजण कुरकुरतो.

"वर्षभर घरात हाफपँट घालून हिंडतात हे. एक संध्याकाळ तरी माणसात आल्यासारखे दिसू देत," त्याची बायको म्हणते.

मावशी दोघांनाही "अगदी बरोबर" म्हणतात आणि बाहीची लांबी बघतात.

मत काहीही असो, अंगात घातल्यावर धडधड सगळ्यांची सारखीच. दारात अडवतील का, टायची गाठ सुटेल का, कुठला चमचा आधी उचलायचा. अशा भीतीची मला सवय झाली होती. ही भीती जेवण सुरू झालं की विरघळते. त्यामुळे एकदा एक आजोबा आले तेव्हा मला वाटलं, हेही त्यातलेच.

त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती आणि लग्न झालेली मुलगी. आईवडिलांना ही सफर मुलीनेच घडवली होती.

"बाबांना बसेल असा कोट हवाय," मुलगी म्हणाली. "मी निघताना फोनवर बजावलं होतं. तरी विसरलेच."

"विसरलो नाही," बाबा जरा जोरातच म्हणाले. "बॅगेत जागा नव्हती."

मावशींनी मला त्यांच्या अंगावर चढवलं आणि मी दचकलो. ते काळीज धावत होतं, मागे काहीतरी लागल्यासारखं.

"वर जेवलं तर नाही का चालणार?" त्यांनी विचारलं.

"एकच संध्याकाळ, बाबा. तुम्हा दोघांचा चांगल्या कपड्यांतला एकही फोटो नाही माझ्याकडे."



केबिनमध्ये ते आरशासमोर उभे राहिले. या गृहस्थांनी आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली होती. घराएवढी खोकी आभाळातून उतरवून ट्रकवर अशी अलगद ठेवायचे, की ड्रायव्हरला कळायचंही नाही. केबिनकडे येताना बायको मुलीला हेच पुन्हा सांगत होती. आता त्यांनी टायचं एक टोक दुसऱ्यावरून घेतलं आणि तिथेच थांबले. पुन्हा सोडलं, पुन्हा घेतलं. ओठ हलत होते, पण पुढचं काही येत नव्हतं. आरशातल्या टायकडे ते असे बघत होते, जणू तो कुणीतरी दुसऱ्यानेच त्यांच्या गळ्यात टाकलाय.

बायको मागून आली आणि तिने गाठ बांधली.

"हल्ली बोटं आखडतात," ते म्हणाले.

"थंडी आहे ना," ती म्हणाली.

केबिनमध्ये चांगलं उबदार होतं. गाठ बांधताना ती अगदी जवळ आली, तेव्हा मला दोन काळजं एकदम ऐकू आली. दोन्ही सारखीच घाबरलेली. ते तिच्यापासून काहीतरी लपवत होते, आणि ते आपल्याला ठाऊक आहे हे ती त्यांच्यापासून लपवत होती. यांची भीती दालनाची नाही, हे मला तिथेच उमगलं. बाबांच्या डोक्यातून शब्द, वाटा, दिवस एकेक करून गळून चालले होते.

दालनात झुंबरं होती, पांढरीशुभ्र मेजं होती आणि जिकडे बघावं तिकडे माझीच भावंडं. आमच्या मेजावर आणखी दोघं होती. एक रुबाबदार मिशीवाले गृहस्थ आणि एक डोळ्यांची डॉक्टर. त्यांचा वाद आधीपासूनच रंगलेला.

"कपड्यांनी माणूस सावरून बसतो," मिशीवाले म्हणाले. "सावरून बसला की सावरून बोलतो. नियम हवाच."

"माझे वडील सदरा सोडून काही घालत नसत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतं. मग मी तरी इथे कशाला जेवायचं, असं वाटतं मला."

"आता आलाच आहात, तर जेवा," मिशीवाले हसत म्हणाले आणि आमच्याकडे वळले. "तुमचं काय मत?"

माझं अस्तर घामाने ओलं झालं.

"कपडे म्हणजे..." बाबा म्हणाले आणि थांबले. मुलीने काटा खाली ठेवला. "आमच्या कामावर सगळ्यांना ते पिवळं... डोक्यावर घालायचं..."

"हेल्मेट," बायको हळूच म्हणाली.

"हां. ते घातलं की वरून सगळे सारखे दिसायचे. आपला माणूस खाली कुठे उभा आहे ते कळायचंच नाही. मला फार भीती वाटायची त्याची."

मेजावरचे सगळे कौतुकाने हसले. त्यांना तो विनोद वाटला. बाबांनी सुटकेचा श्वास टाकला, टोपलीतला एक पाव उचलला आणि रुमालात गुंडाळून माझ्या खिशात सरकवला. मुलीने पाहिलं आणि ती लाजून लाल झाली, पण चारचौघांत काय बोलणार?

थोड्या वेळाने ते उठले. "हात धुऊन येतो."

बायको लगेच अर्धी उठली. मुलगी म्हणाली, "आई, बस ना. बाबा काय लहान आहेत?"

ती बसली.

हात धुण्याच्या जागेतून बाहेर पडायला दोन दारं होती. दोन्हींना सारखेच आरसे, सारख्याच पितळी मुठी. बाबा मध्ये थबकले. एक दार ढकललं, तर पुढे लांबच लांब मार्गिका, जाड गालिचा आणि दोन्ही बाजूंना एकसारख्या बंद खोल्या. ते चालत राहिले. वळले, परत वळले. समोरून येणारे वाढपी, पाहुणे बाजूला होऊन मान लववत. "शुभ संध्याकाळ, सर." बाबाही मान लववत. थांबून विचारायला त्यांना शब्दच सापडत नव्हता, आणि मी अंगावर असताना त्यांना कुणी काही विचारेल, हे शक्यच नव्हतं. एका नोकराने तर आदराने जड दार उघडून धरलं. साहेबांना मोकळी हवा हवी असेल, असं त्याला वाटलं.

बाहेर उघडा डेक होता. सूर्य बुडाला होता, पण उजेड पुरता गेला नव्हता. वारा असा, की माझी टोकं फडफडायला लागली. कठड्याखाली, खूप खाली, काळं पाणी उकळत होतं. तिथे चिटपाखरूही नव्हतं.

बाबा वळले आणि काचेच्या भिंतीत त्यांना काळ्या कोटातला एक माणूस दिसला. तो टक लावून त्यांच्याकडेच बघत होता.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

त्याचेही ओठ हलले. ते मागे सरले, तर तोही सरला. "का माझ्या मागे लागलाय," ते पुटपुटले, आणि एकाएकी त्यांनी मला अंगातून ओढून काढलं. काचेतल्या माणसाचा कोटही गेला. तेवढ्याने त्यांना धीर आला असावा. जन्माचे टापटिपीचे, त्यामुळे त्यांनी मला खाली टाकलं नाही. कठड्यावर घातलं, वाऱ्याने उडू नये म्हणून बटण लावलं, आणि नुसत्या शर्टावर कुडकुडत ते शेजारच्या लहान लोखंडी दारातून आत गेले. दार त्यांच्यामागे लागलं.

हे मी पाहिलं. फक्त मीच पाहिलं.

मग एक खलाशी आला. त्याने मला पाहिलं, मग कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने खांद्यावरचं बिनतारी यंत्र तोंडाशी धरलं. "कठड्यावर कोट आहे," तो म्हणाला. "माणूस नाही."

मला आत नेलं, तेव्हा दालनाच्या दाराशी मुलगी एका अधिकाऱ्याला वडिलांचं वर्णन सांगत होती. "काळा कोट, पांढरा शर्ट, काळा टाय..." बोलता बोलता तिने दालनात नजर टाकली आणि वर्णन तिथेच अडलं. आत सगळेच तसे होते.

मला पाहून ती म्हणाली, "हा त्यांचा नाही. असे कोट सगळ्यांचेच असतात."

"दे इकडे," आई म्हणाली. तिने माझ्या खिशात हात घातला. हाताला पाव लागला. ती मला पोटाशी धरून तिथेच पायरीवर बसली.

जहाजाचा वेग मंदावलेला मला जाणवला. बाहेर पाण्यावर दिव्यांचे झोत फिरायला लागले.

"त्यांची तब्येत कशी होती?" अधिकाऱ्याने विचारलं. "काही विसरणं वगैरे?"

"छे, ठणठणीत आहेत," मुलगी म्हणाली.

"विसरणं आहे," आई म्हणाली. "वर्ष होऊन गेलं."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली.

"त्यांना वाटतं, मला कळलेलं नाही. मीही तसंच दाखवलं. कळलंय म्हटलं असतं, तर आणखी घाबरले असते." मग ती अगदी हळू म्हणाली, "मी उठले होते गं मगाशी."

मला ओरडून सांगायचं होतं. पाण्यात शोधू नका, ते आत आहेत, त्या लोखंडी दाराच्या आत. पण शिवणाऱ्यांनी मला नुसता गळा दिला, आवाज दिला नाही. ती माझी बाही मुठीत आवळत होती आणि मी तिच्या हातात नुसता लोंबत होतो. असं भय मी त्याआधी कुणाच्याही छातीत ऐकलं नव्हतं.

मग अधिकाऱ्याच्या कानाशी यंत्र खरखरलं. तो ऐकत राहिला आणि त्याने डोळे मिटले. "सापडले," तो म्हणाला. "खाली, धुलाईखान्यात. सुखरूप आहेत."

चादरींच्या गाठोड्यांमध्ये, कपडे वाळवणाऱ्या यंत्राच्या उबेला, खांद्यावर टॉवेल घेऊन बाबा बसले होते. तिथल्या बाईला ते जिन्याशी काकडत उभे असलेले दिसले होते. "काका, कुठे जायचंय?" असं तिने विचारलं, तर म्हणाले, "माझी बायको सापडत नाहीये."

"अंगात कोट असता, तर मी विचारलंही नसतं," ती बाई आईला म्हणाली. "येतात कधी साहेबलोक, जहाज बघत बघत. आम्ही बाजूला होतो."

बाबांनी वर पाहिलं. "कुठे गेली होतीस? किती शोधलं मी."

"इथेच होते," आई त्यांच्याजवळ गाठोड्यावर बसली. मला तिने मांडीवर घेतलं. "अहो, मला सगळं ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"विसरायला होतं ते."

यंत्र घरघरत होतं. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"चहात मीठ घातलंत आणि गुपचूप तसाच प्यालात ना, तेव्हापासून."

"फार वाईट होता तो चहा," ते म्हणाले. मग म्हणाले, "बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"मलाही."

मुलगी दारातच उभी होती. ती पुढे आली, वडिलांसमोर खाली बसली आणि त्यांच्या गळ्यातला टाय तिने सोडवला. खूप वेळ लागला तिला.

दुसऱ्या दिवशी ती तिघं मला परत द्यायला आली. मुलीने मावशींना सगळं सांगितलं. मिशीवालेही तिथे आले होते. ते बराच वेळ घुटमळले आणि मग म्हणाले, "मीही मेजावरून उठून माझ्या खोलीकडे निघालो होतो. मार्गिकेत ते माझ्या समोरून गेले. मी त्यांना मान लववली."

बाबांनी माझी बाही चिमटीत धरून पाहिली. "चांगला आहे. कोणाचा?"

"तुमच्याच अंगात होता, काल," आई म्हणाली.

"घट्ट होत असेल मला."

"हो," ती म्हणाली. "घट्टच होत होता."

राहिलेल्या संध्याकाळी ती तिघं वरच्या मजल्यावर जेवली, असं मावशींच्या बोलण्यातून कळलं. बाबा स्वेटर घालत आणि दोघींच्या मधे बसत. त्यापुढचं मला माहीत नाही. जहाज धक्क्याला लागलं आणि माणसं उतरून गेली.

त्या खाऱ्या वाऱ्याने माझ्या कॉलरवर एक पांढुरका डाग ठेवलाय. ब्रशने जात नाही. म्हणून मावशी मला दांडीच्या टोकाला टांगतात आणि गर्दी झाली तरच काढतात. पोशाखाचा नियम असावा की नसावा, यावर काउंटरवर अजून तसाच वाद चालतो. माझ्यासारख्याने त्यात काय बोलावं? नियम गेला तर मी चिंध्यांतच जायचा. तुम्हाला एवढंच सांगतो, की अशा एखाद्या दालनात कधी गेलात, तर दोन दारांच्या मधे घुटमळणाऱ्या नीटनेटक्या माणसाला नुसती मान लववून पुढे जाऊ नका. जरा थांबा. त्याच्या तोंडाकडे बघा.

आज पुन्हा ती संध्याकाळ आहे आणि गर्दी झालीय. मावशींनी मला खाली उतरवलंय. काउंटरपलीकडे कुणीतरी पाठ करून उभं आहे, हात मागे धरून. एक हात बाहीत शिरला, आता दुसरा. मावशी खांदे सारखे करतायत. मी कान देऊन ऐकतोय.