वृंदाचा अर्ज

संक्रांतीनंतरचा शुक्रवार. बालीगंजच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून हळदीकुंकवाची धांदल चालली होती. वृंदानं तिळाच्या वड्या थापल्या, अत्तरदाणी घासली, वाणाचे डबे मांडले. तीन वाजता सासूबाईंनी, शकुनताईंनी, निऱ्या नीट करत तिच्याकडे पाहिलं.

"झालं ना सगळं? मग आत जा आता. दार ओढून घे."

वृंदा निमूट आत गेली. बाल्कनीत पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांनी, मनोहररावांनी, ते ऐकलं आणि पान उलटलं.

मनोहरराव कस्टम्समधून निवृत्त झालेले. खिदिरपूरच्या गोदीत कुणाला न भिणारा अधिकारी म्हणून त्यांचं नाव होतं. घरात मात्र त्यांना वाद नको असे. दीड वर्षापूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा उन्मेष डेंग्यूनं पाच दिवसांत गेला. वृंदा तेव्हा एरोनॉटिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. न्यू टाउनच्या ऑफिसला जाताना उन्मेषच तिला युनिव्हर्सिटीच्या फाटकाशी सोडायचा. "माझी बायको विमानं बनवणार," असं लिफ्टमनलाही सांगायचा. तो गेल्यावर शकुनताई म्हणाल्या, "वर्ष सरू दे, मग बघू." वर्ष सरलं, सणवार पुन्हा सुरू झाले. वृंदाचं वर्ष मात्र सरेना.

वर्षश्राद्धानंतर तिनं पुन्हा प्रवेशासाठी अर्ज लिहिला. "उन्हात कुठे जातेस, मी देऊन येतो," म्हणत मनोहररावांनी तो घेतला. त्या दिवशी शकुनताई जेवल्या नाहीत. "तिचा पायगुण पाहिलात ना? आता पोरांच्या घोळक्यात फिरू दे, म्हणजे उरलीसुरली अब्रूही जाईल." मनोहररावांनी अर्ज फाडला, युनिव्हर्सिटीत तिच्या विभागात फोन करून 'सून पुढे शिकणार नाही' असं कळवलं आणि वृंदाला सांगितलं, "उत्तर कळवतो म्हणालेत." ती रोज विचारायची. मग विचारेनाशी झाली.

साडेतीनला त्यांचा मोबाइल वाजला. विभागातल्या सेनगुप्ता मॅडम होत्या. आज पाचपर्यंत वृंदा आली नाही, तर तिचं नाव पटावरून कायमचं काढलं जाईल, असं त्या हिंदीत सांगत होत्या.

"मी मागेच कळवलं होतं..."

"आप नहीं. वृंदा बोलेगी."

'ती घरी नाही' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. पण त्यांनी वृंदाच्या खोलीचं दार उघडलं. वृंदा पलंगावर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर विमानाच्या पंखाची आकृती काढत होती. त्यांनी फोन तिच्यासमोर धरला.

"मी सोडलं? कुणी सांगितलं, मॅडम?" वृंदानं मान वर केली. मग ती फक्त ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "बाबा, माझा अर्ज?"

"फाडला मी."

ती रडली नाही. कपाटातून मार्कशीटची फाइल काढून बाहेर आली. दिवाणखान्यात हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं. शकुनताई जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "वृंदा, मागच्या जिन्यानं जा."

"नाही आई. मी पुढच्याच दारानं जाणार."

एकीनं हातातल्या वडीकडे नजर वळवली. मनोहररावांनी चपला घातल्या आणि पुढचं दार उघडून धरलं.

दोघं टॅक्सीत बसले. मग खिडकीबाहेर बघत वृंदा म्हणाली, "तुम्ही दुष्ट असता, तर मी स्वतःच गेले असते, बाबा. तुम्ही चांगले आहात म्हणून थांबले."

मनोहररावांनी पुढे वाकून ड्रायव्हरला घाई करायला सांगितलं.

विभागात फॉर्म मिळाला. 'विलंबाचं कारण' या रकान्यापाशी वृंदाचं पेन अडलं. मनोहररावांनी ते मागून घेतलं आणि ऑफिसातल्या सवयीच्या स्वच्छ इंग्रजीत लिहिलं: हिचा अर्ज माझ्याकडे होता. तो मी फाडला. ही शिकणार नाही, असं खोटं मीच सांगितलं. खाली सही केली. वृंदानं ते वाचलं आणि फॉर्म खिडकीत दिला.

घरी शकुनताई आवरायचं सोडून बसल्या होत्या. "चार बायकांत शोभा केलीत माझी."

"शोभा दीड वर्ष घरात चालली होती, शकुन. बायकांना आज दिसली."

"माझा मुलगा गेलाय हो!" शकुनताईंचा बांध फुटला.

"तिचा नवरा गेलाय," मनोहरराव म्हणाले आणि त्यांच्याजवळ खाली बसले.

पुढच्या आठवड्यात प्रवेश मंजूर झाला. वृंदा आता मागच्या बॅचच्या मुलांबरोबर तिसरं वर्ष पुन्हा करते, विंड टनेलमध्ये लाकडी पंखावरचा हवेचा दाब टिपते. सासऱ्यांना माफ केल्याचं ती म्हणालेली नाही. महाराष्ट्र मंडळात कुणी तरी मनोहररावांचा हात हाती घेऊन म्हणतं, "सुनेला शिकवताय, केवढं मन तुमचं!"

तेव्हा ते हात सोडवून घेतात. "तिचे पाच महिने मी चोरले," ते म्हणतात. "आधी ते सांगा लोकांना."