निळ्या टोपाची तक्रार

मी टोप बोलतोय. अंतराळवीराचा टोप. हसू नका. कागदाचा असलो म्हणून काय झालं? वीस वर्षं काचेत बसून काढलीत, आणि त्याच रागानं आज तोंड उघडलंय.

माझा जन्म राजेश्वरचा, एकोणीसशे नव्वद सालचा. बसवकल्याण तालुक्यातलं हे मोठं गाव, पण तेव्हा टीव्ही मोजकेच. बसवंतप्पांच्या किराणा दुकानात एक होता, काळा-पांढरा. रविवारी सकाळी गल्लीतली झाडून सगळी पोरं त्याच्यापुढं दाटीवाटीनं बसायची, कारण तेव्हा ‘ध्रुवपार’ नावाची मालिका लागायची. एक यान, एक कप्तान आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह. सहावीतला अंबाजी त्या कप्तानापायी पुरता खुळा झाला होता. शाळेच्या गॅदरिंगला ‘ध्रुवपार’चं नाटक बसलं, कप्तानाचं काम त्याला मिळालं, आणि आता टोप कुठून आणायचा म्हणून पठ्ठ्या घरी येऊन रडत बसला.

त्याची आई वच्छलाबाई. तिनं टीव्हीकडं कधी धड बघितलं नव्हतं, पण कागदाच्या बुट्ट्या करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. रद्दी भिजत घालायची, उखळात कुटायची, कीड लागू नये म्हणून त्यात मेथी वाटून घालायची, आणि तो लगदा पालथ्या घागरीवर थापायचा. धान्याला, शेंगांना अशा बुट्ट्या घरोघर असायच्या. तुझ्या कप्तानाचं डोकं केवढं असतंय, एवढंच तिनं लेकाला विचारलं. मग तेवढी घागर निवडली, लगदा थापला, पुढं तोंडापुरती खिडकी ठेवली, आणि वरून अंबाजीच्याच पाचवीच्या वहीची पानं खळीनं चिकटवली. डोक्याला टोचू नये म्हणून आतून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावला. झालो मी तयार.

राहिला रंग. दुकानातल्या टीव्हीवर कप्तानाचा टोप राखाडी दिसायचा. अंबाजीनं ठणकावून सांगितलं की तो निळाच असणार, आभाळात जातोय म्हटल्यावर दुसरा कुठला असेल? बसवंतप्पांच्या दुकानाच्या दाराला लावून उरलेला निळा ऑइल पेंट होता. तो मला लागला.

गॅदरिंगला काय झालं ते नीट ऐका. माझ्यातल्या मेथीच्या वासानं अंबाजीला शिंकांवर शिंका आल्या आणि त्या गडबडीत तो पुढचं सगळं विसरला. मास्तर पडद्यामागून सांगायलेत, याला ऐकू जाईना, मीच मध्ये होतो ना. मग त्यानं तिथल्या तिथं स्वतःचाच एक ग्रह रचला. त्या ग्रहावर म्हणे आधी सावल्या जन्मतात आणि मागून माणसं. टीव्हीत असला ग्रह कधी आला नव्हता. लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. मला तर धन्य वाटलं.

ही गोष्ट तुम्ही तरी लक्षात ठेवा. तो विसरलाय.

पुढं तो शिकला, बीदरला सरकारी कचेरीत चिकटला, लग्न झालं, मुलगी झाली. मला त्यानं सोबत आणलं आणि बैठकीतल्या काचेच्या कपाटात बसवलं. सुरुवातीला मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काचेमागं वारा नाही, ऊन नाही, आणि डोकं तर नाहीच नाही. मुलगी विजयश्री लहान असताना एकदा मला घालून बघू का म्हणाली, तर हा बाबा तिच्यावर असा खेकसला की त्या पोरीनं पुन्हा कपाटाकडं बोट दाखवलं नाही.

आणि ती ‘ध्रुवपार’, ती संपेल तर शपथ. पहिली मालिका संपली, मग चार सिनेमे आले, मग दुसरी मालिका, मग कप्तान तरुण असतानाची तिसरी. अंबाजी प्रत्येक वेळी पहिल्या दिवशी बघायचा आणि दुसऱ्या दिवसापासून शिव्या घालायचा. पूर्वीसारखं राहिलं नाही, हेच पालुपद. ‘ध्रुवपार’वेड्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात हा रोज भांडतो. जुनं यान परत आणा, जुना कप्तान आणा, जुना टोप आणा.

बीदरला हवाई दलाचा तळ आहे. सकाळी खरीखुरी विमानं घरावरून अशी जातात की माझी काच थरथरते. आणि हा अंतराळाचा भक्त काय करतो? उठून खिडकी लावतो. मोबाईलवर जुन्या यानाची घरघर ऐकू येत नाही ना त्याला. विजयश्री तेव्हा गच्चीवर पळायची. एकदा ती म्हणाली, अप्पा, नवीन मालिकेत एक बाई यान चालवते, ते भाग बघू की दोघं मिळून. त्यानं बाईला नावं ठेवली, यानाला ठेवली, लिहिणाऱ्यालाही सोडलं नाही. पोरगी उठून आत गेली. तेव्हापासून ती एकटीच बघते, कानात खुपसून.

मालिकावाले काय कमी लबाड आहेत? त्यांना नवीन काही सुचेना झालं की जुना कप्तान बाहेर काढायचा, पांढऱ्या दाढीसकट, आणि तेच जुनं संगीत वाजवायचं. मागच्या वर्षी ‘ध्रुवपार : पुनरागमन’ आलं ते असंच. संगीत सुरू झालं आणि अंबाजीच्या डोळ्याला धार लागली. मीही आतून हललो, कबूल करतो. त्या सुरांत बसवंतप्पांचं दुकान होतं, गुळाच्या ढेपा होत्या, समोरच्या पोराचं तेल लावलेलं डोकं होतं. पण तेवढं झाल्यावर पडद्यावर होतं काय? म्हातारा कप्तान पेटी उघडतो आणि आतला टोप पुसत बसतो. ना ग्रह, ना गोष्ट. नुसतं पुसणं.

आणि तो टोप होता नारिंगी.

अंबाजी ताडकन उठला. यांनी रंग बदलला म्हणून त्यानं ग्रुपवर आग पाखडली. ग्रुपातला हैदराबादचा मृत्युंजय शांत माणूस. त्यानं नव्वद सालच्या मासिकातलं रंगीत चित्र पाठवलं. टोप पहिल्यापासून नारिंगीच होता. निळा होता तो फक्त राजेश्वरात.

एखादा शहाणा माणूस पोटभर हसला असता. पोरीला हाक मारून सांगितलं असतं की बघ, तुझ्या बापानं कप्तानाला स्वतःचा रंग दिला होता. यानं काय केलं? बाजारातून नारिंगी रंगाचा स्प्रे आणला. पुढच्या रविवारी हैदराबादला ग्रुपचं संमेलन होतं, जो तो आपली जुनी चीज घेऊन येणार होता. यानं मला गच्चीवर वर्तमानपत्रावर ठेवलं आणि पस्तीस वर्षांचा निळा मी पाच मिनिटांत नारिंगी झालो. ज्याला तो जुनं, अस्सल म्हणून जपत होता, ते त्यानं स्वतःच्या हातानं झाकलं. मला तोंड होतं पण ओरडता येत नव्हतं.

हैदराबादला सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. हुबेहूब आहे म्हणाले. कुठून मागवला, असंही एकानं विचारलं. अंबाजीनं आईचं नाव घेतलं नाही. घरचंच आहे म्हणाला आणि विषय बदलला.

मग दिवाळीनंतर वच्छलाबाई बीदरला आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. पट्टी निघाली, काळा चष्मा लावून ती बैठकीत बसली, आणि तिची नजर कपाटावर गेली.

“हे कुणाचं रे? आपलं कुठं हाय?”

अंबाजी चाचरला. डोळा अजून कच्चा आहे, रंग नीट कळत नसतील, असं काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, डोळा चांगला हाय, काढ ते इकडं. त्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं वरून हात फिरवला आणि लगेच मागं घेतला. मग आत हात घातला. लुगड्याचा तुकडा बोटांनी चाचपला, जिथं टाके घातले होते तिथं बोट थांबलं.

“आतून माझंच हाय की. वरून कुणाचं करून ठेवलास?”

ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती.

ती झोपल्यावर भर दुपारी तो ब्लेड घेऊन मला खरवडत बसला. नारिंगीबरोबर निळाही निघाला, आणि खाली वहीचं पान दिसलं, पाचवीतल्या त्याच्याच अक्षरातलं. त्याचा हात तिथंच थांबला. मग हा पन्नाशीकडं झुकलेला माणूस पोरासारखा रडला. आयुष्यात पहिल्यांदा तो योग्य गोष्टीसाठी रडला असेल. तरीही मला त्याची दया आली नाही. माझे दोन्ही रंग गेले होते.

म्हातारी जागी झाली. “ऱ्हाऊ दे. समदं खरवडलास तर हातात काय ऱ्हाईल? मला दे, शेंगा ठेवीन.”

त्यानं मला दिलं. देताना एकदा दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि सोडलं.

आता मी राजेश्वरला आहे. सुट्टीत विजयश्री आली. आजी-नातीनं मिळून पोरीच्या जुन्या वह्या भिजवल्या, कुटल्या, मेथी वाटली. माझ्या खिडकीतून शेंगा सांडल्या असत्या म्हणून आजीनं तिथं ताजा लगदा थापला, तोंड कायमचं बुजलं. पोरीनं विचारलं, उरलेल्या लगद्याचा मी असाच टोप करू का? आजी म्हणाली, ह्येच्यासारखा कामून करायलीस? तुझा कर. त्या पोरीनं जे काही केलंय ते टोपासारखं दिसत नाही, यानासारखंही नाही. काय आहे ते मला माहीत नाही, आणि मला त्याचा भलता आनंद आहे.

तिला न्यायला अंबाजी आला. मी चुंबळीवर उलटा बसलेलो, पोटात शेंगा. बुजलेल्या खिडकीवर त्यानं अंगठा फिरवला. लगदा अजून ओला होता, अंगठा उठला. मग मूठभर शेंगा घेऊन तो लेकीशेजारी उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, ती यान चालवणारी बाई, तिचं पुढं काय झालं? पोरीनं एकदा त्याच्याकडं बघितलं. मग सांगायला लागली.

मला परत न्यायचं नाव काढू नकोस, अंबाजी. शेंगा खा आणि जा. घरी गेल्यावर सकाळी विमानं जातील तेव्हा ती खिडकी उघडी ठेव.