डावा हात

डॉक्टरांनी स्वतःच बायकोच्या गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला, दिवा तिच्या तोंडावर वळवला आणि खुर्चीच्या डावीकडे, मदतनिसाच्या जागी जाऊन ते उभे राहिले. उजवीकडच्या स्टुलावर त्यांच्या हाताखालची नवी डॉक्टर बसली. तशी बायकोचीच अट होती. आठवडाभर दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. पण रूट कॅनॉल करायचं तर त्या मुलीकडूनच, असं ती अडून बसली होती.

"पिकतं तिथं विकत नाही, सर," बाहेर बसणाऱ्या बाई म्हणाल्या, तेव्हा डॉक्टरही हसले होते. पण ते त्यांना झोंबलं होतं.

नव्या डॉक्टरनं एक्स-रे बायकोसमोर धरला. कीड आतल्या नसेपर्यंत पोचलीय, म्हणून हा ठणका. सडलेली नस काढायची, मुळांतल्या केसासारख्या नळ्या घासून स्वच्छ करायच्या, पुढच्या खेपेला त्या भरून बंद करायच्या आणि वर टोपी बसवायची. दाढ शाबूत राहील. ती सावकाश सांगत होती आणि बायको मधूनमधून शंका विचारत होती.

डॉक्टर हेच रोज पाठ म्हटल्यासारखं सांगत. बायकोनं त्यांना मात्र कधी काही विचारलं नव्हतं. ऐकतानाचा तिचा हा चेहरा त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी लाळ ओढायची नळी उगाच पुसली.

"दुखलं तर डावा हात वर करा, काकू. मी थांबेन."

काम सुरू झालं आणि थोड्याच वेळात हात वर गेला.

"दुखणं शक्य नाही," डॉक्टर म्हणाले. "भूल चढलीय. चालू दे."

मुलीनं दाढेतली नळ्या घासायची सुई केव्हाच बाहेर काढली होती. सुजलेल्या दाढेला कधी कधी भूल पुरत नाही, असं पुटपुटत तिनं दुसरं इंजेक्शन भरलं. हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. बायकोची मूठ हळूहळू सैल झाली.

दाढेवर तात्पुरतं सिमेंट बसवून मुलगी हात धुवायला गेली. डॉक्टर रुमालाची गाठ सोडू लागले.

"मी केलं असतं, तर एव्हाना घरी असतीस."

बायकोनं चूळ भरली. बधिर ओठांतून शब्द जड येत होते.

"पलीकडची दाढ तुम्हीच केली होती. खूप दुखलं होतं."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. दुखत नाहीये, म्हणालात तुम्ही."

गाठ सुटली, तरी त्यांचे हात तिच्या मानेपाशीच राहिले.

मुलगी परत आली. पुढची खेप सोपी आहे, सर स्वतःच करतील का, असं तिनं अदबीनं विचारलं. डॉक्टरांच्या तोंडाशी 'हो' आलं होतं.

"तिला विचार," ते म्हणाले.

बायकोनं उत्तर द्यायला वेळ घेतला. ते थांबले.